तांब्यावरचा जांभळा डाग

आमच्या कोठावद्यांच्या घरात दोन सुना. धाकटी प्रयोगशाळेत रेणू जोडते आणि थोरली जिलब्या तळते. थोरली ती मी, उज्ज्वला. चांदवड तालुक्यात लग्न असो की देवीचा भंडारा, आचारी म्हणून आधी माझंच नाव निघतं. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही. धाकटी मृणाल पुण्याच्या एका संशोधन संस्थेत धातूंवरच्या लेपांचा अभ्यास करते. ती लग्न होऊन आली तेव्हा मी मनात म्हटलं होतं, ही बाई कधी साधी फोडणी तरी देईल का? नाही दिली, आजतागायत नाही. पण माझ्या स्वयंपाकघराची तऱ्हा जेवढी तिनं बदलली तेवढी माझ्या सासूबाईंनाही जमली नव्हती.

झालं असं, की सरकारनं पंगतीच्या स्वयंपाकातून ॲल्युमिनियमची भांडी बंद केली. स्टीलची मोठी तपेली आणली, तर वरण बुडाशी करपायचं आणि वर कच्चं राहायचं. तांब्यासारखी सगळीकडून सारखी आच दुसऱ्या कशाला येत नाही. पण तांब्याला कल्हई लागते आणि कल्हईला कथील लागतं. जगभरच्या यंत्रांमधल्या जोडांना डाख द्यायला कथील इतकं खपायला लागलं होतं, की आमच्यापर्यंत येईतो ते सोन्याच्या तोऱ्यात यायचं. कल्हई करणारी माणसंही कधीच दुसऱ्या धंद्याला लागली होती. माझ्या आजेसासूबाईंच्या काळातली तांब्याची तपेली कोठीत उपडी पडली होती आणि मी ती मोडीत घालायला काढली होती.

"वहिनी, ही मोडीत घालू नका," मृणाल म्हणाली. दिवाळीला आली होती ती. "मला द्या. मी त्यांना कल्हई करून देते."

"तू कल्हई करणार?"

"कल्हईसारखंच काहीतरी. फक्त दिसणार नाही."

मी हसले. न दिसणारी कल्हई म्हणजे सासरच्यांचं न दिसणारं प्रेम, असं काहीसं बोललेही. ती पण हसली आणि तपेली घेऊन गेली.

तिनं मला पुढं जे समजावलं ते मला समजलं तसं सांगते. तांब्याला आपले इलेक्ट्रॉन सांभाळता येत नाहीत. हवेतला ऑक्सिजन भेटला की ते देऊन टाकतं, आणि एकदा दिले की आंबट पदार्थात विरघळायला मोकळं होतं. म्हणून तांब्यात ठेवलेलं ताक कळकतं. तोंडात जुना पैसा धरल्यासारखी चव लागते, मळमळतं, उलट्या होतात, आणि लहान पोराच्या तर जिवावर बेतू शकतं. तांबं आणि ताक यांची गाठच पडू द्यायची नाही, हा कल्हईचा सगळा हिशेब. मृणालनं तेच काम एका रेणूवर सोपवलं होतं.

हा रेणू लांबट. त्याच्या एका टोकाला नायट्रोजनची चपटी मूठ, ती तांब्याला घट्ट धरते. दुसऱ्या टोकाला मेणासारखी लांब शेपटी, तिला पाण्याचा तिटकारा. भांड्यात या रेणूंचं कोमट द्रावण ओतायचं आणि गप्प बसायचं. कुणी मांडायला नको, कुणी ढकलायला नको. मुठी आपणहून तांबं शोधतात, शेपट्या वर उभ्या राहतात, आणि गर्दीच्या पंगतीत माणसं मांडीला मांडी लावून बसतात तसे ते इतके दाटून बसतात, की मध्ये पाण्याचा कण शिरायला जागा उरत नाही. मग भांडं एकदा तापवलं की शेजारच्या शेपट्या एकमेकींत विणल्या जातात, म्हणजे भट्टीवरही त्या जागा सोडत नाहीत. आणि या सगळ्याची जाडी किती? आपल्या एका केसाचे उभे पंचवीस-तीस हजार पापुद्रे काढता आले, तर त्यातला एक.

"एवढ्याशानं ताक अडतं?" मी विचारलं.

"अडतं. तुम्हीच बघा."

तिनं एका तपेल्यात सकाळी ताक ओतलं आणि आम्ही दिवसभर आपापल्या कामाला लागलो. संध्याकाळी तिनं तांबं मोजायची कागदाची पट्टी त्यात बुडवली. पट्टी कोरी. मग तिनं पेलाभर ताक घेतलं आणि माझ्यादेखत पिऊन टाकलं. मीही प्यायले. ताक जसंच्या तसं होतं, उलट थोडं जास्तच आंबट झालं होतं, तो दोष माझ्या विरजणाचा. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की आपल्या जावेच्या डोक्यात देवानं काहीतरी भलतंच भरलंय.

एकच गोष्ट मला खटकायची. लेप देण्याआधी ती भांडी कसल्याशा पाण्यानं धुवायची, त्यानं तांब्याची चकाकी जायची आणि ते विटकरीसारखं मंद दिसायचं. लेप बसला की ते तसंच राहायचं, वर्षानुवर्षं. "घासायचं नाही," ती बजावायची. "फडक्यानं पुसायचं, पाण्यानं विसळायचं, बस." घासल्याशिवाय भांडं स्वच्छ होतं हे माझ्या बायकांच्या गळी उतरवता उतरवता माझ्या नाकी नऊ आले. तरी गावातल्या कितीतरी घरांनी तिच्याकडून आपली भांडी लेपून घेतली. ज्यांच्याकडं तांबं नव्हतं त्यांनी माहेरून मागवलं.

माझी मुलगी रेवा. तिचं लग्न ठरलं अद्वैत अमृतकरशी. दोघं एकाच कंपनीत होती, त्यांनी आपलं आपण जमवलं आणि आम्हाला कळवलं. अद्वैतचे वडील वासुदेवराव यांचा नाशिकला भांड्यांचा मोठा कारखाना. साखरपुड्यात त्यांनी मृणालच्या तपेल्यातली कढी खाल्ली, वाटी बाजूला ठेवली आणि विचारलं, "डॉक्टरबाई, हे माझ्या कारखान्यात करता येईल?"

मृणालचा चेहरा त्या वेळी बघायला हवा होता. संस्थेनं तिच्या कामाचा निधी थांबवायचं ठरवलं होतं. प्रयोगशाळेत जमतं पण बाजारात कुणी घेत नाही, असा शेरा मारला होता. वासुदेवराव हो म्हणाले तर तिची सगळी उमेद वाचणार होती. नाही म्हणाले तर तिला प्रयोगशाळा रिकामी करून कुठल्यातरी रंगाच्या कंपनीत नोकरी धरावी लागणार होती. हे तिनं मला सांगितलं होतं, माझ्या दिरांनाही नाही.

वासुदेवरावांची अट सरळ होती. लग्नात मठ्ठा तांब्यात ठेवा. पहाटे भरा, दुपारच्या पंगतीला वाढा. मी सगळ्या व्यापारी मित्रांना बोलावतो. सगळ्यांदेखत पिऊ आणि तिथंच जाहीर करू.

लग्नाच्या दिवशी मी पहाटेपासून भट्टीवर. स्वतःच्या मुलीचं लग्न असताना आचाऱ्यानं भट्टीवर उभं राहू नये म्हणतात. म्हणोत. जिलबीचा पाक मी दुसऱ्याच्या हाती देत नाही. मठ्ठा हौसामावशीनं भरला. हौसामावशी माझ्या हाताखाली इतकी वर्षं आहे, की आता कोण कुणाच्या हाताखाली हे आम्हालाही सांगता येत नाही. तीन तपेली काठोकाठ, वर कोथिंबीर, आलं, मिरची, जिऱ्याची पूड. आणि मी लांबूनच बघितलं, की तपेली काय सुरेख दिसतायत. मनात म्हटलं, चला, आजच्या दिवसाला शोभतायत.

अक्षता पडल्या. आमच्यात पहिली पंगत पोराबाळांची बसते, ती बसली. वाढपी मठ्ठ्याचे जग भरायला लागले. तेवढ्यात मृणाल वासुदेवरावांना आणि त्यांच्या मित्रांना घेऊन तपेली दाखवायला आली. पैठणी नेसली होती, नाकात माझीच नथ. मी झारा हातात धरून मोठ्या तोऱ्यात उभी.

ती तपेल्यांपाशी आली आणि थांबली. वासुदेवराव मित्रांना काहीतरी सांगत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, ही चमकतायत."

"मग? चांगलं दिसतंय की."

"चमकायला नकोत. लेपाखाली तांबं मंद असतं. चमकतंय म्हणजे वरचा लेप गेलाय."

मी हौसामावशीकडं बघितलं. तिला सांगायला लागलं नाही. ती स्वतःच कौतुकानं पुढं आली. "मीच घासली, डॉक्टरीणबाई. भांड्यांच्या कारखान्याचे व्याही येणार, आणि त्यांच्यापुढं तुमची भांडी अशी मळकट? मला बघवेना. उजाडायच्या आत विटकरीची पूड आणि चिंच लावून तिन्ही लख्ख केली. आतूनसुद्धा."

चिंचेनं काही बिघडलं नसतं. आंबटाला तो लेप भीक घालत नाही. पण विटकरीच्या पुडीनं दाटून बसलेली ती सगळी पंगतच उठवून दिली होती, आणि उघड्या तांब्यात पहाटेपासून मठ्ठा मुरत होता. हिरवट झाक आली असती तरी एवढ्या कोथिंबिरीत ती कुणाला दिसणार?

मृणालनं पर्समधून पट्टी काढून तपेल्यात बुडवली. बाहेर आली ती गडद निळी होऊन.

मी आचारी आहे, माझं डोकं भट्टीवर चटकन चालतं. मी तिचा दंड धरला. "गप्प राहा. मी आत्ता वाढप्यांना थांबवते. मठ्ठा फाटला म्हणून सांगते, ओतून देते, स्टीलच्या पिंपात दुसरा करते. व्याह्यांना म्हणू, उष्णतेनं फाटला, प्रयोग पुन्हा कधीतरी. कुणाला कळणार नाही."

"पोरांच्या पंगतीत गेलाय ना?"

"एखादा जग गेला असेल. आणते परत."

"आणा. पण वहिनी, गावात किती घरांत माझी भांडी आहेत? तिथंही कुणीतरी प्रेमानं घासत असेल. ही इथं दिसली, कारण पार लख्ख घासली होती. थोडीशी घासली असती तर मलाही दिसलं नसतं."

"अगं, मग उद्या घरोघर जाऊन सांग. आज नको. आज रेवाचं लग्न आहे. आणि तुझं सगळं आयुष्य आज त्या माणसाच्या हातात आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता, हट्टही नव्हता. "आज रात्री त्या घरांतली कढी कोण थांबवणार?" एवढंच म्हणाली, आणि पैठणीचा घोळ सावरत सरळ गुरुजींसमोरच्या माइककडं गेली. मी मागून तिला दोन शिव्या हासडल्या, त्या इथं लिहीत नाही.

"मी डॉक्टर मृणाल कोठावदे. कृपा करून मठ्ठा कुणीही पिऊ नका. ज्या मुलांनी प्यायलाय त्यांच्या आयांनी मुलांना घेऊन माझ्याकडं यावं. घाबरू नका, घोट-दोन घोटांनी फार तर मळमळेल, पण मला बघू द्या. आणि ज्यांच्या घरी माझ्या लेपाची तांब्याची भांडी आहेत, त्यांनी आजपासून त्यात आंबट काही करू नये. माझा लेप घासल्यानं जातो आणि गेलेला दिसत नाही. जी गोष्ट गेलेली दिसत नाही, ती मी तुमच्या स्वयंपाकघरात द्यायला नको होती. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही."

हौसामावशी पदर तोंडाला लावून रडायला लागली. मृणाल माइक ठेवून आधी तिच्याकडं आली आणि तिला जवळ घेऊन म्हणाली, "मावशी, तुम्ही माझ्यासाठीच घासलीत ना? मग?" आणि लगेच पोरांकडं वळली. चार-पाच पोरांनी मठ्ठा चाखला होता. एकानं उलटी केली आणि लगेच जिलबी मागितली. गावातले डॉक्टर येऊन बघून गेले. काही झालं नाही. पण ते नंतर कळलं, तोवर माझा जीव टांगणीला लागला होता.

वासुदेवराव जागचे हलले नव्हते. पंगती उठल्यावर ते मृणालपाशी आले. मी कान टवकारून शेजारीच उभी.

"डॉक्टरबाई, तुम्ही बोललात ते बरं केलंत," ते म्हणाले. "पण हे भांडं मी विकू शकत नाही. आपल्याकडं रोज भांडं घासल्याशिवाय चूल पेटत नाही. त्या बायकांना मी काय सांगू, घासू नका म्हणून?"

"नाही सांगता येणार," मृणाल म्हणाली. "तुमचं बरोबर आहे."

संपलं. मुलीची पाठवणी झाली तेव्हा मी रेवासाठी रडले आणि थोडी मृणालसाठीही रडले. मात्र तिच्याशी बोलले नाही. राग होताच. माझ्या मुलीच्या लग्नात माझ्या मठ्ठ्याला माइकवरून नावं ठेवली, तीही माझी नथ घालून. पुढं कित्येक दिवस आमचं बोलणं 'भाऊजींना सांग, डबा पाठवलाय' एवढ्यावरच होतं.

संस्थेनं निधी थांबवला. आम्हाला वाटलं, आता ती नोकरी बघेल. ती बॅग घेऊन थेट माझ्या दारात उभी राहिली.

"वहिनी, मला तुमच्या कोठीत एक टेबल हवंय. आणि हौसामावशी हव्यात."

"कशाला?"

"घासायला."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण जिच्यावर सगळं गाव हसलं, तीच बाई परत त्याच स्वयंपाकघरात येऊन उभी राहते, तिला नाही कसं म्हणायचं? मी पिठाची पिंपं हलवून टेबल लावून दिलं. नंतर जे बघितलं त्यानं माझा राग कुठल्या कुठं गेला. ती सकाळी तांब्याच्या पत्र्याचे तुकडे लेपायची. दुपारी हौसामावशी आणि माझ्या बायका त्यांना घासायच्या, जशा खऱ्या भांड्याला घासतात तशा, राखेनं, काथ्यानं, तारेच्या चोथ्यानं, गप्पा मारत, कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते बोलत. लेप जायचा. मृणाल तुकडा बघायची, मान हलवायची आणि परत सुरू. बाईला कंटाळा म्हणून माहीत नाही. मी स्वयंपाकातली एवढी मोठी, पण एकच पदार्थ इतक्यांदा बिघडला असता तर मी झारा फेकून दिला असता.

एक दिवस मी चहा द्यायला गेले, तर ती नुसती भिंतीकडं बघत बसली होती. म्हणाली, "लेप जाऊच नये म्हणून मी झगडतेय. तो जाणारच. प्रत्येक गोष्ट झिजते. झिजली की सांगेल, असं काहीतरी हवंय."

मग तिनं रेणूंच्या त्या पंगतीत अधूनमधून एक वेगळा पाहुणा बसवला. हा दुसरा रेणू एरवी रंगहीन, निमूट. पण लेपाला कुठं ओरखडा पडला आणि तांब्याचा इलेक्ट्रॉन गमावलेला एक कण जरी बाहेर निघाला, की हा त्याला पकडतो, सोडत नाही आणि जांभळा होतो. शेजारच्या लेपात रोवलेला असल्यामुळं पदार्थात उतरत नाही, जागच्या जागी राहतो. म्हणजे जिथं तांबं उघडं पडलं तिथं जांभळा डाग, पिकलेल्या जांभळाचा पडतो तसा गडद. जुन्या कल्हईखालून तांबडं दिसायला लागलं की भांडं काढून ठेवायचं, हे जसं माझ्या आजेसासूबाईंना शिकवावं लागलं नव्हतं, तसंच हे. डाग दिसला की भांडं बाजूला. परत लेपलं की डाग धुऊन जातो आणि भांडं नवं.

पहिला डाग पडला तो हौसामावशीच्या हातून. "घ्या, लागला बाई डाग," ती वैतागून म्हणाली. आणि मृणाल लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत कोठीभर नाचली. हौसामावशीला अजून कळलेलं नाही, की भांड्याला डाग लागल्यावर कुणी नाचतं का.

वासुदेवरावांना बोलावलं ते रेवानं. आता ती त्यांची सून होती आणि सासऱ्यांवर तिचा लाडका हक्क चालायचा. ते आमच्याच कोठीत आले, बरोबर त्यांचे विक्री बघणारे दोन तरुण. त्यांनी स्वतः तपेलं घासलं, ताक ओतलं, डाग उगवताना बघितला. वासुदेवराव खुश झाले. पण ते तरुण एकमेकांकडं बघायला लागले.

"मॅडम, लेप आता आधीपेक्षा खूप टिकतो, बरोबर?" त्यातला एक म्हणाला. "मग तो जांभळा भाग काढून टाकू या की. गिऱ्हाईक डाग बघून भांडं परत आणेल. नवं भांडं आणि डाग, कोण घेईल? नुसता लेप द्या, आम्ही उद्यापासून सुरू करतो."

वासुदेवरावांनी त्याला अडवलं नाही. म्हणजे त्यांनाही पटलं होतं. मी मृणालकडं बघितलं. आमच्या पिठाच्या पिंपांमागं ती किती काळ राबली होती ते मला माहीत होतं. तिच्याजवळ आता दुसरं काही उरलं नव्हतं हेही माहीत होतं. मला वाटलं, घे पोरी, हो म्हण. खरं सांगते, तसंच वाटलं.

मृणाल उठली आणि तपेलं रिकामं करायला लागली. "डागाशिवाय मिळणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही आलात, बघितलंत, आभारी आहे. चहा घेऊन जा."

"बाबा," रेवा म्हणाली. ती आतापर्यंत दाराला टेकून उभी होती. "माझ्या लग्नात त्या पहिल्या पंगतीत आपली चिन्मयी बसली होती."

चिन्मयी म्हणजे अद्वैतच्या बहिणीची मुलगी, वासुदेवरावांची लाडकी नात. मठ्ठ्याची उलटी करून जिलबी मागणारी तीच, हे मला त्या क्षणी समजलं.

"माहीत आहे मला," वासुदेवराव म्हणाले. त्यांनी ते रिकामं तपेलं जवळ ओढलं आणि आतून बोट फिरवलं. शेवटी त्या तरुणांकडं न बघता म्हणाले, "डागासकट करू. डाग लागलेलं भांडं आपण फुकट लेपून देऊ. जाहिरातीत पहिला फोटो डागाचाच टाका."

मृणालनं मान डोलावली. मी म्हटलं, "व्याहीबुवा, आता जेवूनच जा."

हे होऊनही आता वर्षं लोटली. तांबं परत चुलीवर आलंय, आमच्याकडंच नाही, कुठं कुठं. परवा आम्ही दोघी मनमाडच्या पुढं एका खेड्यात वास्तुशांतीला गेलो होतो, मृणालच्या शाळेतल्या मैत्रिणीकडं. आचारीण म्हणून नाही हं, पाहुणी म्हणून. मी पानावर बसले की स्वयंपाकाकडं बघते, ती खोड जायची नाही. मांडवाच्या कडेला एक बाई कढी करत होती. वयानं तिशीतली असेल, कडेवर पोर, कमरेला पदर खोचलेला. तिनं तांब्याचं तपेलं पुसायला घेतलं, आत डोकावली आणि थांबली. मग ते तपेलं उचलून बाजूला उपडं घातलं, शेजारणीला "यात डाग आलाय गं, दुसरं दे" म्हणाली, दुसऱ्या तपेल्यात ताक ओतलं आणि पोराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेत ढवळायला लागली. कुणी वर मान करून बघितलं नाही. कढी वेळेवर झाली. पोरं जेवली.

मृणालनंही ते बघितलं होतं. माझ्याच्यानं राहवेना. मी पानावरून उठायला लागले, त्या बाईला सांगायला, की बाई गं, ही कोण बसलीय माहीत आहे का तुला? मृणालनं माझा हात धरून मला खाली बसवलं. तिचे डोळे भरले होते.

"कढी गार होईल वहिनी," ती म्हणाली, "जेवा." आम्ही जेवलो.